गिझर बिघडलेला नव्हता: परभणीतल्या एका न्हाणीघराची हकिगत

भोगीच्या सकाळी साडेआठच्या सुमाराला माझ्या शाळेतल्या सरांच्या मुलाचा फोन आला. आवाज कापत होता. "दादा, तू लवकर ये घरी. ही न्हाणीत चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आलीय, पण बोलणं धड नाही. दवाखान्यात निघालोत. आई म्हणायली, गॅस गळत असंल, गिझर बघून घ्यायला सांग."

मी पोचलो तेव्हा घरी सर आणि त्यांची नात दोघंच होते. मी आधी सिलिंडर गाठला. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. नळी मुदतीतली, रेग्युलेटर घट्ट बसलेला, सेल नवे. गिझर दोन वर्षांचा, आयएसआय शिक्क्याचा. दार सताड उघडं ठेवून मिनिटभर चालवला, तर ज्योत निळी आणि एकसारखी. माझ्या सर्व्हिसच्या वहीत अशा वेळी मी 'दोष नाही' असं लिहितो.

तेवढ्यात सर म्हणाले, "हिचंही डोकं दुखायलंय. आंघोळीनंतर एकदा ओकली." नात सात वर्षांची. वहिनींच्या, म्हणजे सरांच्या सुनेच्या, आधी तीच न्हाऊन आली होती. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी दवाखान्यात फोन लावला आणि सरांच्या मुलाला सांगितलं, "डॉक्टरांना सांगा, गॅसचा गिझर न्हाणीच्या आत आहे आणि दार बंद होतं. लेकीलाही घेऊन येतोय. काकूंनाही तपासा." काकू म्हणजे सरांच्या पत्नी.

मी एकोणीस वर्षं परभणीत शेगड्या आणि गिझर दुरुस्त करतो. हे लिहायला मला वहिनींनीच सांगितलं. घरच्यांची नावं देत नाही. माझ्याकडून जे राहिलं ते मात्र झाकणार नाही, कारण त्याच गिझरची सर्व्हिसिंग मी ऑक्टोबरात केली होती.

गिझर आत का गेला

घर वसमत रोडकडच्या एका वसाहतीत, तळमजला आणि वर स्लॅब. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, मधल्या दिवसांत बोअर. सरांच्या आईच्या काळात अंगणात तांब्याचा बंब होता. शेतातून पऱ्हाट्या आणि तुराट्या यायच्या, पहाटे बंब पेटायचा, आणि धुरानं डोळे चुरचुरायचे म्हणून तो कुणी छपराखाली आणला नाही. नंतर विजेचा गिझर आला, पण वीज सकाळीच जायची. दोन वर्षांपूर्वी गॅसचा गिझर घेतला. त्याला वीज लागत नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला पडदा सरकतो, दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते, बर्नर पेटतो. टाकी नाही, वाट बघणं नाही. ज्याच्या घरी वीज बेभरवशाची आणि पाणी मोजून, त्याला ही सोय किती मोलाची वाटते ते मला माहीत आहे. मी स्वतः ती वापरतो.

बसवणाऱ्यानं तो न्हाणीच्या आत, शॉवरच्या शेजारच्या भिंतीवर ठोकला. सिलिंडर बाहेर पडवीत ठेवला आणि भिंतीला भोक पाडून नळी आत घेतली. गिझरच्या माहितीपत्रकात तो न्हाणीबाहेर, हवेशीर जागी बसवावा असं छापलेलं होतं. ते पत्रक मला नंतर काकूंच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट सापडलं.

बसवणाऱ्याला आत बसवायला घरच्यांनीच सांगितलं होतं, आणि त्यांचं कारण अडाणीपणाचं नव्हतं. बाहेर बसवला तर पाइपातलं गार पाणी आधी वाया जातं, आणि इथे पाणी वाया घालवणं कुणाच्या मनाला पटत नाही. शिवाय स्लॅबवरची टाकी बुटक्या कट्ट्यावर, दाब कमी. पाइप लांबला तर गिझर पेटणारच नाही, अशी त्यांना भीती होती.

तीन बदल

गेला हिवाळा त्याच न्हाणीत, त्याच गिझरवर सुखरूप गेला होता. सर मला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, "मागच्या वर्षी काहीच कसं झालं नाही रे?"

मागच्या वर्षी न्हाणीला पत्र्याचं दार होतं. खाली चार बोटं फट, वर चौकटीपाशी आणखी थोडी. झरोक्याच्या काचेच्या पट्ट्या नेहमी तिरक्या उघड्या असायच्या. हवा खालून यायची, वरून जायची. यंदा दिवाळीत पत्रा गंजला म्हणून पीव्हीसीचं दार बसवलं. ते छान, घट्ट, खाली रबरी पट्टी असलेलं. डिसेंबरात थंडी वाढली. परभणीची थंडी मराठवाड्याबाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण पहाटेचा पारा इथे पाच-सहा अंशांवर उतरतो. झरोक्यातून बोचरा वारा यायचा म्हणून मुलानं त्यात थर्माकोलचा तुकडा बसवला. आणि भोगीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी एकामागून एक डोक्यावरून आंघोळी केल्या.

भोगीला तीळ वाटून अंगाला लावून न्हायचं असतं. रोज बादलीभर पाण्यात उरकणारं घर त्या दिवशी शॉवरखाली रेंगाळतं. पहिल्या आंघोळीला सर गेले. ते नेहमीप्रमाणे बादली भरून नळ बंद करणारे, त्यांना काही झालं नाही. मग काकू, मग नात आणि शेवटी केस धुवायला वहिनी. प्रत्येकीनं आत जाताना दार लावून घेतलं, बाहेर येताना गारवा लागू नये म्हणून लगेच ओढून घेतलं. मी प्रत्येकाला विचारून वेळ मांडली. गिझर एकूण चाळीस मिनिटांच्या आसपास पेटलेला होता.

वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय त्या गिझरला होती. पण ती घड्याळासारखी प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजते. नळ बंद करून पुन्हा सोडला की नवी वीस मिनिटं. चार माणसांच्या मिळून चाळीस मिनिटांचा तिला पत्ताच नसतो. हवेतला ऑक्सिजन घटला की ज्योत विझवणारा सेन्सर काही गिझरांना असतो, याला नव्हता.

कॅलेंडरच्या मागचं गणित

सर विज्ञान शिकवायचे. मी त्यांच्याच हाताखाली आठवी-नववी केली. दुपारी वहिनींची तब्येत सावरल्याचा फोन आला, तेव्हा त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "मांड," म्हणाले.

न्हाणी चार बाय सहा फूट. वर पोटमाळा, म्हणून उंची सातच फूट. म्हणजे १६८ घनफूट, पावणेपाच घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा असा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास एक किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकघरातला मोठा बर्नर तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम जाळतो. म्हणजे त्या चार बाय सहाच्या खोलीत पाच-सहा बर्नर एकदम मोठे करून, दार लावून माणूस आंघोळ करत होता. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरांच्या आसपास हवा लागते. चाळीस मिनिटांत साधारण सहाशे ग्रॅम गॅस, त्याला साडेसात घनमीटर हवा. खोलीत होती पावणेपाच, आणि त्यातूनच माणसांना श्वासही घ्यायचा होता.

सर त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे मी तुम्हाला फळ्यावर शिकवलंय रे. पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साइड, अपुरा मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड."

मला काही बोलता आलं नाही.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो संपूर्ण संपायची वाट ज्योत बघत नाही. थोडा घटला की जळणं अर्धवट व्हायला लागतं, जळलेला वायू पुन्हा त्याच ज्योतीत ओढला जातो आणि मोनॉक्साइड वाढत जातो. म्हणून शेवटी न्हाणाऱ्याला सगळ्यात जास्त बाधतं.

काकू म्हणत होत्या, "पण वास कसा आला नाही?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो. आपण ओळखतो तो वास न जळलेल्या गॅसचा. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो आणि ज्योतीत जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. बंबाचा धूर निदान माणसाला बाहेर पळवायचा.

आणि इशारे आधी मिळाले होते, हे मागे वळून बघताना कळलं. दोन आठवड्यांपासून मुलाचं डोकं सकाळी दुखायचं आणि कामावर गेल्यावर उतरायचं. काकूंना आंघोळीनंतर मळमळायचं, त्या पित्त म्हणायच्या. वहिनींना गळून गेल्यासारखं व्हायचं, त्यांना वाटायचं रक्त कमी झालंय. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. एकाच घरात तिघांना, त्याही आंघोळीनंतर आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, हे एकत्र कुणी मांडलं नाही.

दार उघडल्यापासून

पाण्याचा आवाज चालूच होता आणि हाकेला उत्तर नव्हतं, म्हणून काकूंना शंका आली. मुलानं दाराला खांदा दिला तेव्हा कडी निखळली. वहिनी भिंतीला टेकून खाली बसलेल्या, मान कललेली. त्यांनी वहिनींना तिथेच शुद्धीवर आणायचा, पाणी मारायचा खटाटोप केला नाही. काकूंनी चादर टाकली आणि दोघांनी ओढत अंगणात, मोकळ्या हवेत आणलं. सरांनी जाता जाता रेग्युलेटर बंद केला आणि घराची दारं-खिडक्या उघडल्या. अशा वेळी करायचं ते हेच. आत शिरणाऱ्यानं आत थांबायचं नाही, कारण तीच हवा त्यालाही पाडते. माणूस श्वास घेत नसेल तर बाहेर आणून कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि १०८ला फोन. गॅसचीच गळती असेल तर १९०६ हा क्रमांक आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझा निरोप पोचायच्या आधीच विचारलं होतं, "पाणी कशावर तापवता?" हिवाळ्यात न्हाणीतून बेशुद्ध आलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न विचारणारा डॉक्टर भेटणं हे वहिनींचं नशीब. अशा रुग्णांना कधी झटकेही येतात आणि घरचे फिट समजून दुसऱ्याच उपचाराच्या मागे लागतात.

मुलगा एका गोष्टीनं गोंधळला होता. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसत होतं, मग ऑक्सिजनचा मास्क कशाला? डॉक्टरांनी त्याला समजावलं ते मी त्याच्याकडून ऐकलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक कळत नाही. आकडा छान दिसतो, पण पेशींना ऑक्सिजन पोचत नसतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून त्यांनी तपासण्यांची वाट न बघता आधी मास्क लावला. नातीलाही काही वेळ लावला. संध्याकाळी वहिनींची डोकेदुखी उतरली, दुसऱ्या दिवशी घरी आल्या. काही आठवडे विसराळूपणा, चालण्या-बोलण्यात फरक वाटतो का यावर लक्ष ठेवा, कारण काही जणांत त्रास उशिरा दिसतो, असं सांगून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. सुदैवानं तसं काही झालं नाही.

मी ऑक्टोबरात काय केलं होतं

पाण्याच्या वाटेवरची चाळणी काढून धुतली. आतल्या तांब्याच्या नळीत बोअरच्या पाण्याचा क्षार बसला होता, तो सायट्रिक आम्ल फिरवून काढला. आमच्याकडे हे दरवर्षी करावं लागतं, नाहीतर धार बारीक होते आणि पाणी एकदम उकळतं आल्यासारखं येऊन भाजतं. वरच्या पात्यांमधली काजळी ब्रशनं झाडली. ती साचली तर जळलेला वायू वर निघून जात नाही आणि मोनॉक्साइड वाढतो, म्हणून तेही काम महत्त्वाचंच. सेल बदलले. गिझर आत आहे हे बघितलं, आणि जाता जाता म्हणालो, "झरोका उघडा ठेवत जा बरं का."

तेवढंच. का उघडा ठेवायचा ते सांगितलं नाही. गिझर बाहेर काढा असं म्हटलं नाही. आपण बसवलेला नाही, पुढच्या घरी जायचंय, आणि सरांना मी काय सांगणार, असं मनात आलं होतं. कारण न सांगता दिलेली सूचना पहिल्या गार वाऱ्याला टिकली नाही. थर्माकोल लावताना मुलाला ती आठवलीसुद्धा नव्हती, आणि यात त्याची चूक मला दिसत नाही.

हलवताना

मुलानं आधी विचारलं, "एक्झॉस्ट फॅन लावून भागणार नाही का?" मी नाही म्हटलं. फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट नसेल तर तो फिरूनही काही होत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की हा गिझर घेतला तोच वीज जाते म्हणून. वीज गेली की फॅन थांबेल, गिझर सेलवर चालूच राहील.

घराच्या मागे भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये साडेतीन फुटांचा बोळ आहे, वर आभाळ. तिथे छातीच्या वर, ज्योतीची खिडकी डोळ्यांसमोर येईल अशा उंचीला गिझर बसवला. झरोक्याच्या खाली नाही, तर बाजूला सरकवून, म्हणजे जळलेली हवा झरोक्यातून परत आत येऊ नये. पावसासाठी वर पत्र्याचं छोटं छप्पर लावलं, तिन्ही बाजू मोकळ्या. सरांच्या मुलाला माकडांची काळजी, त्याला लोखंडी पेटी हवी होती. बंद पेटी म्हणजे आणखी लहान न्हाणी, म्हणून जाळीच बसवली.

सिलिंडर उभा, जमिनीच्या पातळीवर, सिमेंटच्या ओट्यावर ठेवला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो आणि खड्ड्यात, गटारात उतरतो. म्हणून मोरीचं तोंड जवळ नाही ना ते बघून घेतलं. नळी दीड मीटरच्या आत ठेवली आणि आता ती भिंतीतून कुठेही जात नाही. गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा घातला, साधा पीव्हीसी त्या उष्णतेनं मऊ पडतो.

मग वाया जाणाऱ्या पाण्याची गोष्ट. बोळातून शॉवरपर्यंत पंधरा फूट पाइप लागला. अर्ध्या इंचाच्या तेवढ्या पाइपात पाऊण लिटरसुद्धा पाणी मावत नाही. काकूंनी पहिल्या दिवशी नळाखाली तांब्या धरला, तो भरायच्या आत कढत पाणी आलं. ते तांब्याभर गार पाणी आता तुळशीला जातं. दोन वर्षं ज्या भीतीपायी गिझर आत राहिला, ती एवढी होती. दाबासाठी टाकीचा कट्टा तीन फूट उंच केला, गिझर पहिल्या ठिणगीला पेटतो. वारा जोराचा असला तर कधी ज्योत विझते, तेव्हा आतला सेफ्टी व्हॉल्व्ह गॅस बंद करतो आणि नळ पुन्हा सोडावा लागतो. वहिनी म्हणतात, हे चालतंय.

झरोक्यातला थर्माकोल काढला आणि मच्छरांसाठी जाळी लावली.

त्या आठवड्यात मी सर्व्हिसची वही काढून बसलो आणि ज्या घरांत गिझर न्हाणीच्या आत आहे त्यांच्यापुढे खूण केली. सतरा घरं निघाली. अकरा ठिकाणचे गिझर आतापर्यंत बाहेर आले, काही ठिकाणी मजुरी न घेता. दोन घरांनी विजेचा लावला. दोघं म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही. त्यांच्याकडे मी कॅलेंडरवरचं सरांच्या समोर मांडलेलं गणित पुन्हा मांडून आलो, पुन्हा जाईन. एका घराला कुलूप आहे.

उरलेलं एक घर जिंतूर रोडकडे. तिथली लेक बाळंतपणाला माहेरी आलीय. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आजींनी न्हाणीच्या झरोक्यात गोधडी कोंबली आहे, आणि सकाळी बाळंतिणीचं तेल-पाणी, मागून बाळाची आंघोळ, असा तासभर गिझर चालतो. फोनवर आजी म्हणाल्या, "सव्वा महिना होऊ दे, मग ये." मी उद्या सकाळी सातच्या आत पोचतोय, ड्रिल मशीन आणि पाइप सोबत घेऊनच. सरही येतो म्हणालेत.